दोन देवांची भिंत

गोष्ट लपवावी कशी, हे मेडशीजवळच्या तांड्यात धनीबाईइतकं कोणालाच कळत नव्हतं. निदान धनीबाईचं तरी असंच मत होतं!

तांडा चाळीस घरांचा. पहिल्या घरात भाकर करपली की चाळिसाव्या घरात ठसका लागायचा. छप्पन साली जिल्हा नागपूरचं राज्य सोडून मुंबईकडं गेला होता. धनीबाई मात्र नागपूरलाच गेली. छातीत गाठ होती. डावं थान कापलं, वरून किरणांचा शेक दिला, आणि तीन महिन्यांनी ती घरी आली. ही गोष्ट आपण, आपला नवरा भाऊसिंग आणि वरचा देव, या तिघांपलीकडं जाऊ द्यायची नाही, असा तिनं पणच केला होता.

"कोणी विचारलं तं सांगा, बैलानं ढुसणी देल्ली. खांदा निखळला," तिनं भाऊसिंगाला पढवलं.

"कोणत्या बैलानं?"

"दोन तं हायेत! सांगा कोणत्या बी!"

भाऊसिंग साधा माणूस. ऐन वेळी घाबरला आणि त्याच्या तोंडून राज्याचं नाव गेलं. राज्या म्हणजे असा बैल, की पाठीवर कावळा बसला तर तो आपणहून उडेस्तोवर शेपूट हलवायचा नाही! कोणी म्हणालं, शिंगं छाटा. कोणी म्हणालं, गळ्यात लोढणं बांधा. राज्या वाटेनं आला की बाया किंचाळत कडेला पळायच्या, आणि आपल्या मागं वाघ आला की काय, म्हणून राज्याच घाबरून मागं वळून पाहायचा.

लबाडी तांड्याला पचली. धनीबाईला मात्र पचेना. डावा हात काखेत लाकडासारखा आखडला होता. त्या हातातला चुडा दवाखान्यात उतरवला तो उतरवलाच. आरशांची कांचळी डावीकडं रिकामी पडायची, म्हणून भर उन्हाळ्यात ती ओढणी लपेटून घरात बसायची. भाऊसिंग तर ती आल्यापासून बाहेर ओसरीत झोपायला लागला होता. ती काही बोलली नाही. तोही काही बोलला नाही. न बोलण्यात दोघांचाही हात कोणी धरला नसता!

अशात एक दिवस सरवरी आली.

सरवरी म्हणजे वाशीमच्या मुनाफ पिंजाऱ्याची बायको. गाद्या-रजया शिवणारी, वयानं धनीबाईपेक्षा दहा वर्षांनी मोठी, आवाजानं वीस. तीन वर्षांमागं तिचंही असंच ऑपरेशन झालं होतं. तपासणीला ती नागपूरला आली, तेव्हा दवाखान्याच्या बाकावर दोघींची ओळख झाली. उठताना ती म्हणाली होती, "येईन एखाद दिवशी तुह्या घरी." असं तर सगळेच म्हणतात. पण ही खरंच वाशीमहून मोटारीत बसली, मेडशीला उतरली आणि उन्हाची तांड्यापर्यंत चालत आली!

आल्या आल्या पाणीसुद्धा न पिता तिनं विचारलं, "हात दाखव. किती वर जाते?"

धनीबाईनं हात उचलला. तो कमरेपर्यंत आला आणि थांबला.

"नर्सनं भिंत सांगतली होती ना? बोटायनं रोज भिंत चढायची. चढते का?"

"दुखते, आपा."

"दुखणारच! मले काय गुदगुल्या होत होत्या?" सरवरीनं पिशवीतून एक लहानशी, गोल, मऊ गादी काढली. "हे घे. कांचळीत डाव्या बाजूनं ठेवजो. मही बी अशीच हाय. पाय."

धनीबाईनं पाहिलं. मग अगदी हळू विचारलं, "आपा, मुनाफभाईनं पयल्यांदा पायलं, तवा काय म्हनलं?"

"काहीच नाई. दुसऱ्या दिवशी दुकानातला सगळ्यायत चांगला कापूस बाजूले काढून ठेवला. म्हने, हा गिऱ्हाइकाले द्यायचा नाई." सरवरीनं ओढणीच्या टोकानं आधी धनीबाईचे डोळे पुसले, मग स्वतःचे. "चाल, ऊठ आता. भिंत कुठाय?"

भिंतीचीच पंचाईत होती. तांड्यातली घरं कुडाची. हात लावला की भिंत हलणार, आणि भिंत हलली की आतली सासू विचारणार, कोण हाय? पक्की मातीची भिंत एकच, भाऊसिंगाच्या गोठ्याची मागची बाजू. ती होती ऐन वाटेवर. दुपारची सामसूम पाहून दोघी भिंतीकडं तोंड करून उभ्या राहिल्या आणि बोटं कोळ्यासारखी वर वर सरकवू लागल्या.

"आनखीन एक बोट. आनखीन एक. रड, पन चढ!"

जिथं हात थांबला, तिथं सरवरीनं धनीबाईच्या करंड्यातल्या कुंकवाचं बोट ओढलं. "उद्या ह्याच्या वर."

"काय करून राह्यल्या वं तुमी?"

मागं हिरीबाई उभी! भाऊसिंगाची चुलती. हिच्या कानावर पडलेली गोष्ट वाऱ्याच्याही आधी मेडशीला पोचायची. धनीबाईचं तोंड पांढरं पडलं. सरवरीला तिचा पण ठाऊक होता. ती पटकन बोलून गेली, "नवस हाय!"

"कोनाचा?"

"पीरबाबाचा!" सरवरी म्हणाली.

"देवीचा!" त्याच दमात धनीबाई म्हणाली.

दोघींनी एकमेकींकडं पाहिलं. मग दोघी एका सुरात म्हणाल्या, "दोघायचा!"

"दोघायचा?" हिरीबाईनं डाव्या हातानं कानाची पाळी धरली. "मंग तं लयच जागृत असन, माय!" आणि चार वर्षांपासून आखडलेला आपला उजवा खांदा घेऊन ती तिसऱ्या जागी उभी राहिली!

इथवर काही बिघडलं नव्हतं. बिघडलं ते हिरीबाईला गुण आल्यामुळं! पंधरा दिवसांत तिचा खांदा मोकळा झाला. चार वर्षांत पहिल्यांदा तिनं स्वतःची वेणी स्वतः घातली, आणि ती वेणी दाखवत तांडाभर फिरली.

पुढच्या खेपेला सरवरी आली तर गोठ्यामागं बायांची रांग! भिंतीला शेंदूर, खाली नारळांच्या करवंट्यांचा ढीग. कोणाचं दात दुखणं, कोणाचा हिवताप. एकीनं तर रुसलेल्या जावयालाच हाताला धरून आणलं होतं; तो भिंतीला नाक लावून उभा होता आणि सासू मागून म्हणत होती, "चढा, जावईबापू, चढा!"

भाऊसिंगानं कपाळावर हात मारला. "आपा, माह्या बैलायले गोठ्यात जायले वाट नाई राह्यली!"

धनीबाईनं सरवरीकडं पाहिलं, सरवरीनं जावयाकडं पाहिलं, आणि दोघींना असं हसू फुटलं की घरात पळावं लागलं. दवाखान्यातून आल्यापासून धनीबाई पहिल्यांदा हसत होती. हसताना टाक्यांचा व्रण ओढायचा, तरी थांबेना. तिचा हात आता कानाच्या पाळीला लागत होता.

"कोनाचं काय वाईट होते, आपा? होऊ दे!"

मग नाईकांनी मनावर घेतलं. तांड्याचे नाईक किसनसिंग, मोठ्या मिशांचे आणि मोठ्या आवाजाचे. त्यांनी फर्मान काढलं, मंगळवारी भिंतीपाशी पूजा, सारा तांडा जेवणार, पहिला नारळ धनीबाईच्या हातचा!

सोमवारी, सगळ्या बाया गेल्यावर, एकजण भिंतीपाशी मागं राहिली. नाईकांची सून रुखमा. एक तळवा भिंतीवर, दुसरा ओढणीखाली छातीशी.

"काकी," ती म्हणाली, "गाठीवर बी चालते का वं हे?"

धनीबाईच्या हातातली घागर तिथंच टेकली. "कायची गाठ?"

"हरबऱ्याएवढी होती. आता बोराएवढी हाय. कोनाले सांगतलं नाई. पाच मंगळवार हात टेकवला तं जिरन ना?"

धनीबाईनंही आपली गाठ आठ महिने अशीच लपवली होती, कोणकोणत्या झाडपाल्याच्या भरवशावर. 'कोनाचं काय वाईट होते' म्हणून परवापरवाच ती हसली होती. तिनं रुखमाचा हात भिंतीवरून काढून आपल्या हातात धरला.

मंगळवारी सारा तांडा जमला. सरवरीही आली होती. नाईकांनी नारळ पुढं केला. धनीबाईनं तो घेतला, पण फोडला नाही.

"नाईकबाबा, मले बायायशी बोलायचं हाय. बाप्यायनं पलीकडं व्हावं."

"काहून?"

"देवाची आज्ञा हाय," सरवरी म्हणाली.

"कोनत्या?"

"दोघायची!"

पुरुष मुकाट्यानं गोठ्यात गेले. भिंतीच्या अलीकडं बाया उरल्या. धनीबाईनं ओढणी बाजूला केली, कांचळीत हात घातला आणि ती कापसाची गादी काढून सगळ्यांसमोर धरली.

"राज्यानं मले मारलं नाई. तो गरीब हाय बिचारा. नागपूरले डॉक्टरनं मह्यं थान कापलं. गाठ होती. भिंतीत देव नाई. भिंतीनं हात वर जाते, खांदा सुटते. गाठ नाई जिरत! मी आठ महिने लपवली. कोनाले गाठ असन तं तिनं लपवू नये. एवढंच सांगायचं होतं."

मग सरवरी पुढं आली आणि आपलीही गादी काढून तिच्या शेजारी धरली. दोघी तशाच उभ्या. हिरीबाई जवळ आली. आता ही काय बोलते, म्हणून धनीबाईनं डोळे मिटले. हिरीबाईनं गादी हातात घेतली, दाबून पाहिली आणि म्हणाली, "कापूस मात्र झकास पिंजला हाय, माय!" आणि धनीबाईला कवटाळून हमसून रडायला लागली.

त्या मिठीत धनीबाईचा उरलासुरला बांध फुटला. "काकी, माह्या घरवाल्याले बी शिसारी येते माही. बाहेर झोपते तो!"

"खोटं हाय!" भिंत बोलली.

सगळ्या बाया दचकल्या. देव बोलला म्हणून दोघीतिघी तर खाली वाकल्यासुद्धा!

"मी झोपेत लाथा मारतो!" भिंत रडवेल्या आवाजात पुढं म्हणाली. "तुले लागन, टाके तुटतीन, म्हनून बाहेर झोपतो! शिसारी कायची वं, धने?"

आवाज भाऊसिंगाचा होता. म्हणजे पलीकडं सगळे पुरुष भिंतीला कान लावून उभे होते! आणि भाऊसिंगाचं बोलणं नीट ऐकू यावं म्हणून मागच्यांनी पुढच्यांवर रेटा दिला. महिनाभर नारळाचं पाणी पिऊन भिंत आधीच मऊ झाली होती. ती आधी कण्हली, मग फुगली. बाया मागं पळाल्या, आणि भिंतीच्या मधोमध गाडी जाईल एवढं भगदाड पडलं! त्यातून आधी रुखमाचा नवरा उदयसिंग आला, त्याच्या अंगावर भाऊसिंग, आणि सगळ्यांच्या वर, मिशीत माती घेऊन, नाईक किसनसिंग! मागून राज्यानं शांतपणे तोंड बाहेर काढलं.

"आमी... भिंत मजबूत हाय का, ते पाहून राह्यलो होतो," नाईक म्हणाले.

तांडा हसू लागणार, तेवढ्यात रुखमा उठली. ती चालत आली आणि काही न बोलता धनीबाईच्या शेजारी उभी राहिली. सुनेचा हात छातीशी होता. नाईकांनी तो हात पाहिला. ते तसेच मातीत बसून राहिले. मग त्यांचा तो मोठा आवाज अगदी बारीक निघाला:

"भाऊसिंग, अकोल्याची मोटार मेडशीहून कवा सुटते रे?"

रुखमाबरोबर अकोल्याहून आगगाडीनं नागपूरला धनीबाई गेली, सरवरी गेली. गाठ तीच निघाली. रुखमाचंही थान गेलं, पण डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलं. दवाखान्यात रात्रंदिवस दोघींपैकी एक तिच्या उशाशी असायची. रुखमा रडली की धनीबाई तिला जावयाची गोष्ट सांगायची.

तांड्यात परतल्यावर भिंतीचा प्रश्न उरला नाही. नाईकांचं घर विटांचं होतं. पहिल्याच सकाळी धनीबाई तिथं हजर! रुखमाचा हात कमरेच्या वर जाईना.

"होते का वं हे खरंच, काकी?"

"होते का म्हनजे? हे पाय!" असं म्हणून धनीबाईनं मोठ्या ऐटीत डावा हात असा काही आभाळात फेकला, की कांचळीची पाठीमागची नाडी तटकन तुटली! गादी उडाली, अंगणात पडली. तिच्यात वजनाला थोडी सरकी भरलेली होती. सरकीचा वास नाईकांच्या शेळीला कळायला कितीसा वेळ! दोघी 'हाड हाड' करत धावल्या, पण तोवर मुनाफभाईचा निवडक कापूस शेळीच्या घशाखाली गेला होता.

रुखमा पोट धरून हसत सुटली. दुखतंय म्हणत होती आणि हसत होती.

दुसऱ्या दिवशी धनीबाईनं मेडशीला मोटार गाठली. ड्रायव्हर जगदेव ओळखीचा. "जगदेवभाऊ, वाशीमले मुनाफ पिंजाऱ्याच्या घरी सांगजो, धनीबाईची शेळीनं खाल्ली. एक नवी पाठवा. डावी!"

"डावी काय, बाई? चप्पल?"

सगळी मोटार कान टवकारून बसलेली! सारं तांड्याला सांगून झालं होतं, पण मोटारीला सांगायची धनीबाईची अजून तयारी नव्हती. "हो, हो, तेच समज!" म्हणून ती निघून आली. सरवरीआपा शहाणी आहे, तिला बरोब्बर कळेल, अशी तिची खात्री होती.

नेमकी सरवरी त्या आठवड्यात बहिणीकडं मंगरूळपीरला गेलेली. निरोप मिळाला मुनाफभाईला. चौथ्या दिवशी मोटारीतून पुडकं आलं. रुखमासमोरच धनीबाईनं ते मोठ्या हौसेनं सोडलं.

आत एक कोरी करकरीत डाव्या पायाची चप्पल होती!

मग धनीबाईनं ती खाली ठेवून पाय घालून पाहिला.

"कशी हाय, काकी?" रुखमानं ओठ दाबत विचारलं.

"ढिली हाय," धनीबाई म्हणाली. "थोडा कापूस घालावा लागन."