गायके अण्णांची सुई

गायके अण्णांनी जन्मात फुटबॉलची एकही मॅच पाहिली नव्हती, तरी कोल्हारच्या पंचक्रोशीत कुठली टीम जिंकणार हे विचारायला लोक त्यांच्याकडेच यायचे. मॅच का बघत नाही, असं विचारलं की म्हणायचे, "बघितलं की मन कुनाच्या तरी बाजूला झुकतं. हिशोब बिघडतो."

साखर कारखान्याच्या ऑफिसात आमची टेबलं शेजारी-शेजारी. बाहत्तरच्या दुष्काळाआधीचे ते दिवस. अण्णा कामानिमित्त मुंबईला गेले आणि तिथल्या एका कचेरीत भोकं पाडलेली कार्डं निवडणारं मशीन बघून आले. परतल्यावर बरेच दिवस त्यांना जेवण गोड लागेना. मग एकदम म्हणाले, "मशीन म्हंजे नुसतं लोखंड. अक्कल सगळी भोकात हाय!"

ते मशीन त्यांनी घरीच केलं. त्यात वहिनींची विणायची सुई खर्ची पडली आणि वहिनींचा स्वेटर एका बाहीवर थांबला तो थांबलाच. प्रत्येक मॅचचं एक पुठ्ठ्याचं कार्ड, कार्डाच्या कडेने भोकं. एक भोक पावसाचं, एक परक्या मैदानाचं, एक गोलकीपरला उपास असल्याचं. जी गोष्ट लागू असेल तिचं भोक कात्रीने कडेपर्यंत कापायचं. गठ्ठ्यातून सुई घालून हलवली की कापलेली कार्डं खाली पडायची. त्यावरून अण्णा निकाल सांगत, आणि दुबळ्या टीमला किती गोलांची सूट द्यायची तेही. त्या सुटीवर कँटीनमध्ये भज्यांच्या पैजा लागत. अण्णा चुकले तरी कुणी तक्रार करत नसे, कारण भजी गरम असायची.

पण एकदा अण्णांचा अंदाज बरोबर आला आणि तिथेच घात झाला. जामखेडच्या टीमचा गोलकीपर वसंता हा त्यांचा सख्खा धाकटा भाऊ. अण्णा भर कँटीनमध्ये म्हणाले, "जामखेडला तीन गोल सूट द्या. गोलकीपर लई कच्चा हाय." जामखेड आमच्या कारखान्याच्या टीमकडून हरलं आणि ते वाक्य वसंताच्या कानावर गेलं. त्या दिवसापासून त्याने अण्णांशी बोलणं टाकलं. दिवाळीला आला नाही. अण्णा जामखेडला गेले, तर मागच्या दाराने शेतात निघून गेला. "मी खरं तेच बोललो ना?" असं अण्णा मला सारखं विचारत, आणि मी हो म्हटलं की आणखीच कष्टी होत.

पुढच्या वर्षी आमच्या टीमची गाठ पुन्हा जामखेडशीच पडली. सगळी कँटीन अण्णांच्या टेबलाभोवती जमली.

"अण्णा, सूट किती?"

"सुई हरवलीय," अण्णा म्हणाले. सुई त्यांच्या सदऱ्याच्या खिशातून वर डोकावत होती.

आणि मॅचच्या दिवशी हा माणूस उन्हाची छत्री घेऊन मैदानावर हजर! थेट वसंताच्या गोलामागे जाऊन उभे राहिले. वसंताने एकदा पाहिलं आणि तोंड फिरवलं. अण्णा मात्र चेंडू पार पलीकडच्या टोकाला असतानाही "संबाळ, वसंता, संबाळ!" म्हणून ओरडत राहिले.

मध्यंतरानंतर टीमांनी बाजू बदलल्या. इतक्या मॅचेसची कार्डं कापलेल्या अण्णांना ही गोष्ट ठाऊकच नव्हती. तिचं भोक नव्हतं ना! चहा पिऊन ते जागेवर येतात तो गोलात आमच्या कारखान्याचा माणूस.

"वसंता कुठं गेला? लागलं का त्याला?"

मी काही सांगायच्या आत त्यांना तो लांब पलीकडे दिसला, आणि अण्णा छत्रीसकट भर मॅचमध्ये मैदानातून सरळ चालू लागले. लोक ओरडले, रेफरी हातवारे करून दमला. आमचा फॉरवर्ड चेंडू घेऊन त्यांच्या मागून सुसाट येत होता. अण्णांना त्याचा पत्ता नव्हता.

वसंता गोल सोडून धावत सुटला.

"दादा! बाजूला हो! लागंल ना तुला!"

त्याने अण्णांना दंडाला धरून ओढलं आणि चेंडू रिकाम्या गोलात शिरला. जामखेडची पोरं वसंतावर तुटून पडली. तो मात्र अण्णांचा दंड न सोडता विचारत होता, "कुठं लागलं का, दादा?" मी तिथवर धावत पोचलो होतो.

अण्णांनी छत्री सावरली. "न्हाई रे. चल, घरी जेवायला चल."

"मॅच संपू दे की."

"अजून हाय व्हय?" असं म्हणून अण्णांनी छत्री मिटली आणि भावाच्या गोलामागे जाऊन उभे राहिले.