कड्यावरचा मोफत दवाखाना

एका जंगलात, मुलांनो, तानूआजी नावाची अस्वलीण राहत होती. जंगल नेमकं कुठलं, ते मला सांगता येणार नाही. मी बरंच वाचलं आहे, पण खात्री अशी कशाचीच नाही.

तर तानूआजीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाला होता. एके दिवशी नातू समजून ती एका वारुळाला कुरवाळत बसली. मुंग्या चावल्या तेव्हा चूक कळली. मग मात्र ती घाबरली. अस्वलं वारूळ दिसलं की पंजा मारून फोडतात. उद्या वारूळ समजून नातवावरच पंजा घातला तर?

"भिवा, मला दिसत नाही रे," ती मुलाला म्हणाली.

"आई, या वयात चालायचंच."

"आणि तुम्हाला आता बघायचंय तरी काय?" सून म्हणाली. "सगळं पुढ्यात आणून देतोच की."

त्या जंगलात गरुड डॉक्टरांचा दवाखाना होता. म्हाताऱ्यांचं ऑपरेशन तिथे अगदी फुकट व्हायचं. दवाखाना उंच कड्यावर होता, कारण डॉक्टरांना तिथून छान दिसायचं. सोबत घरचं कुणीतरी हवं, एवढीच अट.

"नेतो की," भिवा म्हणाला. "मोहाची फुलं तेवढी वेचून होऊ देत."

मोह संपला, तेंदू आला. तेंदू संपला, जांभळं आली. दिवस बुडवला तर खायचं काय, हेही खरंच. भिवाला दुष्ट म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

शेजारी एक म्हातारा रानडुक्कर होता. तो म्हणाला, "तानू, मी तर घरात सांगितलंच नाही. सांगितलं की उगाच ओझं झाल्यासारखं वाटतं. कान शाबूत आहेत, त्यांवर भागवतो."

शेवटी आजी एकटीच निघाली. दगड चाचपत, वास घेत, घसरत, पुन्हा उठत ती कड्यावर पोहोचली.

"सोबत कोण?" गरुडाने विचारलं.

"कुणी नाही, डॉक्टरसाहेब."

"मग ऑपरेशन कसं करणार? नियम आहे." गरुड एकदम थबकला. "पण थांबा! हा कडा तुम्ही एकट्या चढलात? म्हणजे नजर उत्तमच असणार!"

"अहो, चाचपत आले."

"हा तुमचा विनय झाला, आजी."

तिथल्या तिथे 'तेज नजर' पुरस्कार जाहीर झाला. कावळ्यांनी जंगलभर बातमी दिली. सत्कार म्हटल्यावर भिवा जांभळं टाकून बायकोपोरासह धावत वर आला. हार पडले. भाषणं झाली.

आजीने संधी साधली. "डॉक्टरसाहेब, आता मुलगा आलाय. तेवढं ऑपरेशन उरकून घ्या."

"असं कसं?" गरुड कुजबुजला. "आत्ताच तुमच्या नजरेचा सत्कार केला. लोक काय म्हणतील?"

"आई, चारचौघांत शोभा नको," भिवाही हळूच म्हणाला.

सुनेचा चेहरा मात्र खुलला होता. घरी पोहोचताच तिने पोर आजीच्या मांडीवर ठेवलं. "आम्ही दोघं जांभळांना जातो. आता काही काळजी नाही. एवढी नजर आहे, याला सांभाळाल ना?"

आजीने दोन्ही पंजे पाठीमागे घट्ट धरले आणि ती तशीच बसून राहिली.

तात्पर्य, निदान मला सुचलेलं: दिसेनासं झालं, तर जागचे हलू नका. आपल्या पायांनी दवाखान्यात पोहोचणारा ठणठणीत समजला जातो, आणि ठणठणीतांवर उपचार करायची पद्धत नाही.