एक बैलजोडी, तीन दावणी

गावाची सोसायटी चालवायला अक्कल लागते, आणि ती माझ्याकडे भरपूर आहे. हे मीच सांगतो, कारण दुसरं कोणी सांगत नाही! निफाडपासून दोन कोसांवर आमचं गाव. तिथल्या सहकारी सोसायटीचा मी सात वर्षं चिटणीस. कर्ज मागायला आलेल्या एकाही सभासदाला मी रिकाम्या हाताने परत पाठवलं नाही.

म्हणजे, एक सगुणाबाई सोडून. ती विधवा, घरात दुसरं माणूस नाही. पाच एकर रान होतं, पण बैल म्हणाल तर शेपूटसुद्धा नव्हतं. दोनदा अर्ज घेऊन आली. "भाऊ, मिरगाच्या आत बैल नाय भेटले तर रान पडीक राहील," म्हणाली. पण एकट्या बाईला जामीन कोण राहणार? मी दोन्ही वेळा "बघू" म्हणून सांगितलं आणि बघितलं काहीच नाही.

बाकीच्यांचं सोपं होतं. नियम असा, की कर्ज शेतीच्या कामालाच द्यायचं. भिमाजीला मुलीचं लग्न काढायचं होतं, शफीला शिवणयंत्र घ्यायचं होतं आणि गोरक्षला चुलत्यावर दावा लावायचा होता. तिघांच्याही नावापुढे मी वळणदार अक्षरात लिहिलं, 'बैलजोडी खरेदीसाठी'.

एके दिवशी नाशकाहून पत्र आलं. कर्जातून घेतलेले बैल इन्स्पेक्टरसाहेब जातीने पाहणार होते. बैल नसले तर सोसायटी बंद! तिघंही तोंडं पाडून माझ्या ओटीवर येऊन बसले.

"घाबरता कशाला?" मी म्हटलं. "जोडी एकच पुरते. दाखवणारा हुशार पाहिजे."

जोडी माझीच होती. पांढरीशुभ्र खिलार, पंचक्रोशीत तिच्या तोडीची दुसरी नव्हती. बेत असा, की साहेबांनी आधी भिमाजीच्या दावणीला ती पाहायची. मग साहेब चहाला बसले, की माझा सालगडी बहिरू ती मागच्या बोळातून शफीकडे नेणार आणि तिच्या शिंगांना हिंगूळ लावणार. तिथून गोरक्षकडे, अंगावर झूल घालून. म्हणजे एकाचे तीन! इतका चोख बेत गावात आजवर कोणी आखला नव्हता.

साहेब आले. माणूस शहरातला, धोतर उचलून शेण चुकवत चालणारा. भिमाजीकडे जोडी पाहून खूश झाले. मी त्यांना चहा पाजला, वर पोहे खिलवले. शफीकडे पोचलो तर लाल शिंगांची जोडी हजर. साहेबांनी कौतुकाने शिंगावर हात ठेवला आणि काढला तो पंजा लालभडक!

"रंग ओला कसा?" साहेबांनी विचारलं.

"आजच लावलाय साहेब," शफी म्हणाला. "तुम्ही येणार म्हनून."

साहेबांना गहिवरून आलं. शफीच्या बायकोने, अमिनाने, चहा पुढे केला. साहेबांनी तो कसाबसा संपवला. मी दुसरा मागवला, तर त्यांनी पोटावर हात ठेवला.

"आता थेंबभर जागा नाही. पुढच्या घरी चला. आणि त्या सावलीच्या बोळातून जाऊ, ऊन फार आहे."

बैल त्याच बोळात असणार होते.

होतेच. सगुणाबाईच्या दारात, तिच्या रिकाम्या दावणीला, झूल घालून उभे. साहेबांना आम्ही सकाळपासून चहा पाजत होतो, पण बैलांना कोणी घोटभर पाणी दाखवलं नव्हतं. सगुणाबाईने पाणी आणि कडबा ठेवला होता आणि माझे बैल त्यात तोंड खुपसून होते. बहिरू कासरा ओढून ओढून घामाघूम झाला होता.

"हे कोणाचे?" साहेबांनी विचारलं. "तुमच्या गावात बैलांची शिंगं लाल रंगवायची रीत आहे वाटतं."

मी तोंड उघडलं. पण म्हणू काय? माझे म्हणावं तर इथे कसे? गोरक्षचे म्हणावं तरी इथे कसे?

सगुणाबाईने डोक्यावरचा पदर नीट केला. "माझे हायेत जी."

"सोसायटीच्या कर्जातून घेतले?"

"नाय साहेब. मला जामीन कुठला? या चिटणीसभाऊंनी सवताची जोडी दिली. फुकाट." मग ती माझ्याकडे वळली. "सकाळपास्नं बैल कुठं कुठं हिंडले, त्येबी सांगू का भाऊ साहेबांना?"

"नको, नको," मी म्हटलं. "दिली म्हणजे दिली."

"परत मागणार नाही?" साहेबांचे डोळे ओलावले होते.

"छे! परत कसली?"

साहेबांनी तिथेच उभं राहून शेरेबुकात लिहिलं: 'चिटणीसांनी निराधार सभासद बाईस स्वतःची बैलजोडी कायमची दिली.' खाली माझी सही घेतली, सगुणाबाईचा अंगठा घेतला आणि बुक मिटलं. "ज्या गावचा चिटणीस असा, तिथे आणखी गोठे तपासणं म्हणजे अविश्वास दाखवणं," असं म्हणून ते टांग्यात बसले. सोसायटी वाचली. गोरक्षने तर माझे पायच धरले.

दुसऱ्या दिवशी मी जोडी आणायला गेलो. सगुणाबाई रानात नांगर हाकत होती.

"सगुणाबाई, झाली ती गंमत झाली," मी म्हटलं.

"गंमत कशाची भाऊ? तुमची सही हाय की."

मी परतलो. राग आला होता, पण खरं सांगतो, तिचं नांगरलेलं रान पाहून थोडी लाजही वाटली. तरीही मी हिंमत सोडली नाही. जनावर जुनी दावण विसरत नाही, हे मला ठाऊक होतं. सहा वर्षं माझ्या हातचं खाल्लेले बैल, आपल्या पायांनी घरी येतील! मी वाड्याचं फाटक रात्रंदिवस उघडं ठेवलं.

आठ दिवस झाले. नवव्या दिवशी आमची मंडळी म्हणाली, "लावा आता ते फाटक. शेजारच्या शेळ्या शिरतात."