पाण्यात उतरण्याआधीची बावीस मिनिटं

मासळी संशोधनाच्या प्रमुख बाईंनी संगणकाच्या पडद्यावर बोट ठेवलं आणि तंत्रज्ञ दचकला. समुद्रातले मासे आवाजावरून मोजायचं यंत्र तीन आठवडे तळाशी राहून कालच वर आलं होतं. वहीत नोंद होती, यंत्र पाण्यात सोडलं चार बत्तीसला. रेकॉर्डिंग मात्र चार दहाला सुरू झालं होतं.

"ही आधीची बावीस मिनिटं कसली?" बाईंनी विचारलं.

"वारा असेल, मॅडम."

"मग वारा ऐकू."

वारा कसला! ओल्या हातांनी बटण दाबता येत नाही म्हणून हा शहाणा यंत्र धक्क्यावरच चालू करायचा आणि मांडीवर घेऊन नावाड्याशी गप्पा मारायचा. त्या दिवशी विषय बाईंचाच होता. मासे ऐकायचेत आणि जागा निवडली बंदराच्या तोंडाशी, जिथे दिवसभर बोटी घरघरतात; एकदा नावेत बसवा त्यांना, दहा मिनिटांत ओकतील; असं बरंच काही तो मोकळेपणाने बोलला होता. त्याची नोकरी कराराची. करार उद्या संपत होता, नव्या करारावर सही बाईंची लागणार होती, आणि घरी बायकोला सातवा महिना.

घाबरलेल्या माणसाला नको तेच सुचतं. तेवढा भाग कापून टाकतो, असं तो म्हणाला. मूळ रेकॉर्डिंगला कात्री लागली तर सगळी मोजणी रद्द, असं बाईंनी सुनावलं. त्या चहाला गेल्यावर त्याने हेडफोन उचलून खिशात कोंबला. आता ऐकतील कशाने? परत आलेल्या बाईंनी टेबल धुंडाळलं, खुर्चीखाली वाकून पाहिलं आणि शांतपणे भिंतीवरचा मोठा स्पीकर जोडायला सांगितलं. एखादा नवा मासा ऐकायला मिळेल म्हणून संस्थेतले आठ-दहा जण खुर्च्या ओढून बसले. संचालकही आले.

बाईंचं बोट बटणाशी पोचलं तसा तंत्रज्ञाने हेडफोन पुढे केला.

"सापडला, मॅडम."

"कुठे?"

"खिशात." खोटं बोलायचंही त्राण उरलं नव्हतं.

बाईंनी डोळे मिटून पूर्ण बावीस मिनिटं ऐकलं. एक भाग तर मागे नेऊन पुन्हा ऐकला. तो भिंतीला टेकून उभा होता. काय सापडलं, असं संचालकांनी विचारल्यावर बाई म्हणाल्या, वाराच आहे.

सगळे गेल्यावर त्यांनी करारावर सही केली. "जागेचं तुमचं बरोबर आहे. सोमवारी यंत्र खडकांपाशी टाकू. आणि नावेत मीही येतेय. ते दहा मिनिटांचं बघायचंय."

सोमवारी सातव्याच मिनिटाला बाई नावेचा काठ घट्ट धरून बसल्या होत्या, चेहरा पांढराफटक. तंत्रज्ञाने यंत्र मांडीवर घेतलं होतं आणि तोंडाला कुलूप लावलं होतं. नावाड्याने बाईंना याआधी कधी पाहिलं नव्हतं. त्याला ही शांतता काही सोसेना.

"काय साहेब, आज गप्पगप्प? तुमच्या त्या बाईंचं पुढे काय झालं?"

समुद्रात उडी टाकावी असं तंत्रज्ञाला मनापासून वाटलं. बाईंनी एक हात काठावरच ठेवला, दुसरा पुढे करून यंत्राचं बटण दाबलं.

"हं, सांगा त्यांना," त्या म्हणाल्या.