कुडाळकर काकांची पाचवी टेस्ट

समोरच्या फ्लॅटमधले कुडाळकर काका आमच्या सत्यनारायणाला गळ्यात स्टॉपवॉच अडकवून आले, तेव्हाच गुरुजी जरा बिचकले होते. पाचवा अध्याय संपला आणि काकांनी बटण दाबलं. "मागच्या वर्षीपेक्षा अकरा मिनिटं कमी. काही गाळलंत का?" गुरुजी प्रसादालाही थांबले नाहीत.

जुईनगरच्या आमच्या सोसायटीत त्या घड्याळाचं आता कोणाला नवल नाही. काकांची सगळी नोकरी केमिकल तपासणाऱ्या प्रयोगशाळेत झाली. न्हावा शेव्याहून बोटीने जाणारी पावडर ऑक्सिडायझर आहे की नाही, हे ते ठरवायचे. ऑक्सिडायझर म्हणजे काय, हे त्यांनी मला लिफ्टमध्ये, गच्चीवर आणि एकदा दाढदुखीने माझा जीव जात असताना डेंटिस्टच्या बाकावर समजावलं आहे. "तो स्वतः जळेलच असं नाही हो. पण शेजारच्याला जाळतो!" म्हणून ती पावडर कागदाच्या लगद्याच्या भुकटीत मिसळायची, चिमुकला ढीग लावायचा, तापल्या तारेने पेटवायचा आणि किती सेकंदांत जळतो ते मोजायचं. ठरलेल्या नमुन्याइतका किंवा त्याहून भरभर जळला, तर पिंपावर पिवळं लेबल. आणि हे सगळं पाच वेळा. "एकदा केलं तो अंदाज. पाचदा केली ती टेस्ट."

रिटायर झाल्यावर ढीग गेले, सवय राहिली. नवा वॉचमन ठेवायचा? "ढीग लावून बघू." भेंडी कोवळी आहे का, हे भाजीवाल्याला पाचदा विचारणार. आमच्या ओट्याखाली ब्लीचिंग पावडर साखरेच्या डब्याला टेकलेली दिसली, तर "वहिनी, हा शेजार बरा नाही" म्हणून स्वतःच उचलून बाल्कनीत ठेवून आले. तेव्हापासून काकांची बेल वाजली की आमची ही आधी स्वयंपाकघराचं दार लावते. मी त्यांच्या नकला करायचो. सोसायटीच्या पिकनिकला तर खास फर्माईश असायची.

अशा माणसाने आयुष्यात एकच निकाल टेस्ट न करता दिला, आणि तेव्हा मी तिथेच चहा पीत बसलो होतो.

काकू गेल्यावर घरात काका आणि रूपाली, बापलेक दोघंच. एके दिवशी रूपाली नितीनला घेऊन आली. पोरगा बंदरावर नोकरीला, आवाज मोठा, हसणं त्याहून मोठं. साहेबाशी कसा भांडलो, ते रंगवून सांगत होता. काकांनी कप खाली ठेवला आणि त्याच्या तोंडावर म्हणाले, "हा ऑक्सिडायझर आहे. माझ्या पोरीला जाळील."

मला फस्सकन हसू आलं. त्या हसण्याची आज लाज वाटते. रूपालीने चपला घातल्या आणि ती त्याच्याबरोबर निघून गेली. दोघांनी लग्न केलं, करंजाड्याला घर घेतलं. सात वर्षं ना फोन, ना दिवाळी.

या वर्षी काका रविवारी करंजाड्याला जाऊ लागले. बिल्डिंगच्या गेटसमोर उभं राहायचं आणि परत यायचं. असं चार वेळा झाल्यावर त्यांनीच मला सांगितलं. मी म्हणालो, "काका, चार टेस्ट झाल्या. निकाल काय?"

ते हसले नाहीत. "पाचव्या वेळी याल का बरोबर? एकट्याने वर जाववत नाही."

"येतो की!" म्हणालो, आणि दोन महिने घालवले. कधी मॅच, कधी पाहुणे, कधी नुसताच कंटाळा.

शेवटी गेलो. वॉचमनने काकांच्या गळ्याकडे पाहिलं. "तुमीच ना घड्याळवाले आजोबा? नितीनभाऊंनी चिठ्ठी ठेवलीय तुमच्यासाटी. मागच्याच महिन्यात गेले ते. गुजरातला बदली झाली, तिकडच्या बंदरावर."

काकांना चष्मा सापडेना, म्हणून चिठ्ठी मी वाचली. 'बाबा, चारही वेळा खिडकीतून दिसलात. खाली यायची हिंमत झाली नाही. रूपालीला सांगितलं नाही, दर रविवारी खिडकीत रडत बसली असती. फोन करा.' खाली नंबर होता.

काका गेटजवळच्या कठड्यावर बसले. "चार वेळा आलो, पण वर एकदाही गेलो नाही. म्हणजे टेस्ट एकही झाली नाही."

मागच्या महिन्यापर्यंत ते दोघं इथेच होते, या गेटच्या आत. मला काकांकडे बघवेना. नंबर मीच लावून दिला.

"हॅलो?" तोच मोठा आवाज.

"मी कुडाळकर. नितीन, माझा शेरा चुकला."

काकांचा हात सवयीने घड्याळाकडे गेला, पण बटण काही त्यांनी दाबलं नाही.

"बाबा," तो आवाज एकदम लहान झाला होता, "जेवलात का?"

काकांनी फोन माझ्या हातात दिला.

"हो, जेवले," मी म्हणालो. खरं तर सकाळपासून त्यांनी काही खाल्लं नव्हतं. रूपालीच्या घरी जेवायचं म्हणून.