उसातला मारुती

"प्रमोदिनी, चालू नकोस!" ओसरीवरून परचुरे मास्तर ओरडले, तेव्हा प्रमोदिनीबाई स्वयंपाकघर आणि ओसरी यांच्या बरोबर मधे होत्या आणि त्यांचा एक पाय हवेत होता.

"चालू नको म्हणजे? इथेच उभी राहू?"

"जरा वेळ. तू चाललीस की जमीन हलते, आणि जमीन हलली की फोटो हलतो."

"छान! म्हणजे मी एवढी जाड झालेय?" प्रमोदिनीबाई म्हणाल्या. "आता आत भात करपला तर त्याचाही फोटो काढा."

परचुरे मास्तर श्वास रोखून बसले होते आणि श्वास रोखलेल्या माणसाला संसारातल्या प्रश्नांची उत्तरं देता येत नाहीत. त्यांच्यापुढे जे काही उभं होतं, त्याला नाव द्यायचं तरी काय द्यायचं! खाली हेडमास्तरांच्या हातापाया पडून नाताळच्या सुट्टीपुरता घरी आणलेला शाळेचा मायक्रोस्कोप. वर लोखंडी स्टँडला उलटा टांगलेला डबा कॅमेरा. दोघांच्या मधे दूधपावडरचा तळ कापलेला डबा, तो सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्यांनी करकचून बांधलेला. आणि बाहेरचा उजेड आत शिरू नये म्हणून या सगळ्यावरून पांघरलेला प्रमोदिनीबाईंचा काळा परकर. रस्त्यानं जाणारी भली माणसं ओसरीवर परकर बघून मान फिरवून पुढे जात.

चिंतामण परचुरे मूळचे वाईचे. इस्लामपूरजवळच्या या गावात हायस्कूलला जीवशास्त्र शिकवायला आले आणि लालासाहेबांच्या घरात बिऱ्हाड करून राहिले. त्या पंचाहत्तर साली गावात ज्याच्याकडे कॅमेरा असेल त्यानं लग्नाचे, बारशाचे, नव्या बैलजोडीचे फोटो काढावेत, अशी लोकांची रास्त अपेक्षा होती. मास्तरांना मात्र डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टींत गोडीच नव्हती. त्यांनी कांद्याच्या पापुद्र्याचा फोटो काढला, तो काळा आला. माशीच्या पंखाचा काढला, तो पांढरा आला. इस्लामपूरच्या स्टुडिओवाल्यानं आदरानं विचारलं, "मास्तर, ह्यो नेमका कुठला कार्यक्रम हुता?"

पण या वेळी उसानं हात दिला. लालासाहेबांच्या फडातल्या उसाचा एक तुकडा घेऊन मास्तरांनी दाढीच्या ब्लेडनं त्याची कागदाहून पातळ चकती कापली, रंग चढावा म्हणून ती लाल शाईत बुडवली आणि काचपट्टीवर ठेवली. "दाढी स्वतःची करायची सोडून उसाची करताय," असं प्रमोदिनीबाई म्हणाल्या खऱ्या, पण फोटो आला तो असा झकास, की मास्तर एस. टी.तून उतरले ते धावतच घरी आले.

अंगणात लालासाहेब कोयत्यांना धार लावत होते. मिलिटरीतून हवालदार होऊन परतलेला सरळ माणूस. बाजूला त्यांची बायको लीलाबाई शेंगा निवडत होती. दुसऱ्या दिवशी त्यांच्या फडात साखर कारखान्याची ऊसतोडीची टोळी यायची होती, म्हणून घरात लग्नाची गडबड होती. एकदा तोडीची पाळी चुकली की टोळी पुढच्या गावाला जाते, उसाला तुरा येतो, आणि वर्षभर पोरासारखा वाढवलेला ऊस चुलीत घालायच्या लायकीचा होतो.

"लालासाहेब, हा बघा तुमचा ऊस!" मास्तरांनी फोटो पुढे धरला.

लालासाहेबांनी फोटो लांब धरला, जवळ धरला, उलटा धरला. "ऊस? ह्यो? कांडं कुठं हाय ह्येच्यात?"

"आतून असा असतो. या नळ्या. यांतून पाणी वर चढतं."

लीलाबाई पदराला हात पुसत आली आणि नवऱ्याच्या खांद्यावरून वाकली. तिनं फोटोकडे पाहिलं, आणि तिच्या ओच्यातल्या राहिलेल्या शेंगा अंगणभर झाल्या.

"आवं, ह्यो तर मारुती!"

"कुठं?" मास्तर म्हणाले.

"हितं. आन हितं. ह्ये दोन डोळं, ह्यो जबडा, ह्ये गालफाड. बया बया, किती तोंडं वो! समदी माज्याकडंच बघाय लागल्यात!"

आता खरं सांगायचं तर दोष लीलाबाईचा नव्हता. उसाच्या पोटात त्या नळ्यांची ठेवणच तशी असते. वर दोन मोठी गोल भोकं, खाली एक आडवं, भोवती कडं. ज्यानं एकदा त्यात माकडाचं तोंड पाहिलं, त्याला पुन्हा जन्मात नळ्या दिसत नाहीत. मास्तरांनी फोटो पुन्हा हातात घेतला. त्यांनाही तोंडंच दिसू लागली.

"तसं नाही हो लीलाबाई," ते घाईनं म्हणाले, "फोटो काळापांढरा आहे म्हणून भास होतो. तुम्ही प्रत्यक्षच बघा."

हे त्यांनी बोलायला नको होतं. मायक्रोस्कोपखाली चकती होती लाल शाईतली. लीलाबाईनं एक डोळा मिटून आत पाहिलं, तर शेंदूर फासलेले शेकडो मारुती रांगेनं बसलेले! तिनं तिथंच ओसरीवर डोकं टेकलं. मग लालासाहेबांनी पाहिलं. पाहून ते ताठ उभे राहिले आणि सवयीनं त्यांचा हात सलाम ठोकायला कपाळाकडे गेला.

संध्याकाळपर्यंत अर्धा गाव ओसरीवर होता. कुणीतरी मायक्रोस्कोपपुढे नारळ फोडला, त्याचं पाणी खालच्या उजेड पाडणाऱ्या आरशावर उडालं. ज्या परकराकडे बघून लोक काल मान फिरवत होते, त्यालाच आज हळदकुंकू वाहिलं जात होतं. प्रमोदिनीबाईंनी तो ओढून घ्यायचा प्रयत्न केला, तर बायका म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या वैनी, देवाचा पडदा हाय त्यो."

सकाळी टोळी आली. मुकादम सयाजीनं बांधावरून हाक दिली, "चला मालक, लावू कोयता?"

लालासाहेब फडाच्या तोंडाशी हात पसरून उभे. "कोयता लावायचा न्हाई. आत मारुती हाय."

"आत काय हाय?"

"मारुती. एकेका कांड्यात हजार-हजार. कोयता कुणाच्या मानंवर चालवू, सांग! आन फुडं कारखान्यात काय हुतंय? चरकात घालत्यात देवाला!"

सयाजी गोंधळला. त्यानं टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी पुन्हा घातली. "आजच्या दिस थांबतो मालक. उद्या सकाळला तोड न्हाई, तर टोळी म्होरल्या गावाला."

लालासाहेबांनी मान हलवली, पण त्यांचे डोळे भरले होते. फडाकडे बघत ते म्हणाले, "मास्तर, ऊस गेला तर गेला. पर ह्यो डाग माज्या हातनं नको." मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. या माणसानं त्यांना आपल्या घरात ठेवून घेतलं, आजारपणात खांद्यावरून दवाखान्यात नेलं, आणि त्याच्या उभ्या पिकाला आपण परकर बांधून ठेवला! काहीही करून लोकांना पटवायला हवं होतं.

मास्तरांनी विचार केला, आणि विचार शास्त्रशुद्ध होता. देव काही सगळ्यांच्या शेतात असणार नाही. शेजारच्या भाऊसोच्या उसातही हीच तोंडं दाखवली की लोकांना आपोआप कळेल, की हा मारुती नसून उसाचा स्वभाव आहे. ते भाऊसोचा ऊस घेऊन आले, चकती कापली आणि सगळ्यांसमोर मायक्रोस्कोपखाली सरकवली.

"बघा! इथंही तीच तोंडं! आता पटलं?"

"पटलं," लोक म्हणाले. "भाऊसोच्या बी उसात मारुती हाय."

भाऊसो दुपारपर्यंत लालासाहेबांच्या नशिबाला हसत होता. तो ताडकन उठला. "मास्तर, माजा ऊस कुणाला इचारून चिरला? माजी पाळी परवा हाय! म्या तुमचं काय वाकडं केलं हुतं?"

"अहो, असं बघा, हे सगळ्या उसात असतं! प्रत्येक! कुणाचाही आणा!"

मग काय, लोकांनी आणले. ज्याचा त्याचा ऊस, ज्याच्या त्याच्या मारुतीसह. मास्तर कापत होते, माणसं नमस्कार करत होती. शेवटी मास्तरांनी घाम पुसत निर्वाणीचा उपाय काढला. "उसाचं सोडा. ही ज्वारीची ताटं घ्या. यातही अगदी तशाच नळ्या असतात, म्हणजे तुमची खात्रीच होईल."

खात्री झाली. तिन्हीसांजेला गावातल्या गोठ्यांतून बैल हंबरू लागले, कारण ज्वारीचा कडबा टाकायचा कुणाला धीर होईना.

"अहो, तुम्ही आता काही म्हणजे काही दाखवू नका," प्रमोदिनीबाई दात-ओठ खाऊन म्हणाल्या. "गावाची भाकरीसुद्धा बंद कराल!"

मास्तर कोपऱ्यात बसून होते. आपण काय सिद्ध करायला निघालो होतो आणि काय सिद्ध झालं, याचा त्यांना मेळ लागेना. अखेर मार्ग काढला तो मारुतीच्या देवळातला गुरव जोतीरामनं. "आपसांत कशाला भांडतासा? देवाचं हाय तर देवालाच इचारू. उद्या सकाळी कौल लावू." कौल म्हणजे मारुतीच्या दोन्ही खांद्यांवर झेंडूच्या ओल्या पाकळ्या चिकटवायच्या. उजवी आधी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार. "पर पाकळ्या मास्तरांनी लावायच्या," जोतीराम म्हणाला. "दर्शन त्येंनीच घडवलं."

रात्री मास्तर आढ्याकडे बघत पडले. कौलावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. पण पाकळी कशी चिकटते, पाणी सुकलं की कशी सुटते, हे त्यांना माहीत होतं. डावी पाकळी शेंदराच्या तेलावर गच्च दाबायची, उजवी नुसती टेकवायची. उजवी पडेल, तोडीला होकार मिळेल, लालासाहेबांचा ऊस वाचेल. हे पाप होतं की विज्ञान, हे त्यांना ठरवता येईना, तसे ते कुशीवर वळले आणि झोपले.

सकाळी देऊळ गच्च भरलं होतं. बाहेर सयाजीची टोळी कोयते घेऊन उभी. लालासाहेब आंघोळ करून हात जोडून पुढे, लीलाबाई त्यांच्या मागे. मास्तर गाभाऱ्यात शिरले. त्यांनी ओल्या पाकळ्या हातात घेतल्या. उजवी... उजवी कुठली? मायक्रोस्कोपमधे काचपट्टी डावीकडे सरकवली की चित्र उजवीकडे पळतं, आणि सुट्टीभर त्यात डोळा घालून बसल्यामुळे मास्तरांना आताशा जेवतानाही उजवा हात शोधावा लागे. उलट्याचं सुलटं, सुलट्याचं उलटं करत शेवटी त्यांनी ज्या हातानं आपण जेवतो, ती बाजू उजवी धरली. त्या बाजूची पाकळी नुसती टेकवली, दुसरी अंगठ्यानं गच्च दाबली आणि सुटलो म्हणून मागे सरकले.

जोतीरामनं घंटा वाजवली आणि खड्या आवाजात विचारलं, "मारुतीराया! उसात, ज्वारीत तू हायस का न्हाईस? असशील तर उजवी दे, नसशील तर डावी दे!"

मास्तरांच्या पायांखालची जमीन सरकली. हा प्रश्न? त्यांना वाटलं होतं, 'तोड करू का' असं विचारतील! आता उजवी पडली की देव उसात आहे हे कायमचं ठरणार, आणि ती तर त्यांनी स्वतःच्या हातानं सैल लावली होती!

"जोतीराम, थांबा! जरा... प्रश्न बदला!"

"गप ऱ्हावा मास्तर. देवाला दोनदा इचारत न्हाईत."

पाकळी सुकत होती. तिची कड उचलली. मास्तरांना तिच्यावर झडप घालावीशी वाटली. पण लालासाहेबांचे मिटलेले डोळे बघून त्यांचे पाय उचलेनात. आयुष्यात प्रथमच त्यांनी मनापासून हात जोडले. देवा मारुतीराया, तू मुळीच कुठं नाहीस एवढं सांग रे बाबा!

पाकळी सुटली, गरगरली, देवाच्या पायाशी पडली.

"डावी!" सगळं देऊळ ओरडलं. "डावी दिली! डावी!"

"डावी कशी?" मास्तर पुटपुटले. "ती उजवी..."

"तुमची उजवी मास्तर," जोतीराम म्हणाला. "देव तुमच्याकडं तोंड करून बसलाय. त्येची ती डावीच न्हवं का?"

बाहेर सयाजीनं आरोळी ठोकली, टोळी फडाकडे पळाली. लीलाबाईनं नवऱ्याच्या पायांवर डोकं ठेवलं. भाऊसोनं गूळ वाटला. मास्तर गाभाऱ्याच्या उंबऱ्यावर मटकन बसले. काय चुकलं आणि काय बरोबर आलं, याचा हिशेब ते बोटांवर करू लागले, पण कुठलं बोट कुठल्या हाताचं, तिथंच घोडं अडत होतं.

लालासाहेब त्यांच्याजवळ येऊन बसले. त्यांच्या चेहऱ्यावर सुटकेचं हसू होतं, पण आवाजात थोडी नाराजी होती. त्यांनी मास्तरांच्या खांद्यावर हात ठेवला.

"मास्तर, राग मानू नगा. तुमी शिकलेली माणसं. कॉलेजात गेलासा, पोरांना शास्तर शिकवतासा. आन त्यो फोटू घिऊन, 'उसात मारुती हाय, ज्वारीत मारुती हाय,' म्हणून गावभर दाखवत हिंडलासा. शेवटी देवाला सोता सांगावं लागलं, की बाबांनो, तसलं कायबी न्हाई. पुन्यांदा असल्या खुळचट गोष्टींवर इस्वास ठिवू नगा."