यासीनचाचांचा पीटरसाहेब

पेट्रोल हा शब्द पीटर नावाच्या साहेबावरून आला, असं मी यासीनचाचांना ठोकून दिलं. खरं काय ते मला माहीत नव्हतं. पण मी हायस्कूलात विज्ञान शिकवतो. 'माहीत नाही' म्हणायची सवय नाही.

यासीनचाचा बारामती-इंदापूर रस्त्यावरच्या पंपावर पेट्रोल भरतात. सगळेच पंपवाले 'झिरो बघा' म्हणतात. चाचा पुढं म्हणतात, "झिरो बघितला? आता नाव ऐका." नावाची जन्मकथा सांगून झाल्याशिवाय टाकीत थेंब पडत नाही. "जो माल हातानं देतो, त्याचं खानदान ठावं पायजे," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

दोन वर्षं पणदऱ्याचे दूधवाले, वरकुट्याचे बागायतदार, लग्नाची वऱ्हाडं, सगळे पीटरसाहेब ऐकून पुढं गेले. चाचांनी साहेबाला टोपी दिली, मिशा दिल्या. रांगेत उभा राहून मी गंभीरपणे मान हलवायचो.

मग इंजिनिअरिंगच्या एका मुलीनं स्कूटीवर बसूनच सांगितलं, "चाचा, लॅटिनमध्ये पेट्रा म्हणजे खडक, ओलियम म्हणजे तेल."

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत चाचा पंपाच्या गणवेशात स्टाफरूमच्या दारात उभे. शेजारी हेडमास्तर. मी चहाचा कप खाली ठेवला.

"सर, जरा भाईर या."

व्हरांड्यात मी माफीची जुळवाजुळव करतोय, तर चाचा खुशीत. "दगडाचं तेल हाय म्हणं. आन रॉकेल म्हंजी रॉक आईल, त्येबी दगडाचंच. माझा बाप बारामतीत गाड्यावर रॉकेल विकायचा, सर. म्हंजी बापलेकाचा माल एकच." छाती अशी फुगली होती की बटणाची काळजी वाटावी. मग जरा थांबून म्हणाले, "पर लोकांना खोटं सांगून बसलोय. आता एकेकाला गाठाया लागंल."

आणि गाठलं. जुनं गिऱ्हाईक आलं की, "मागं सांगितलं ते चुकलं. माझं चुकलं." लोक हसायचे. एकदा माझ्यासमोरच एकानं विचारलं, "मंग तुमचा झिरो तरी खरा हाय का, चाचा?"

चाचांचा हात थांबला. तीस वर्षांत त्यांना हे कुणी विचारलं नव्हतं. त्यांनी आतून पाच लिटरचं माप आणलं, त्यात पाच लिटर पेट्रोल सोडलं आणि ते बरोबर रेघेला टेकलेलं त्याला दाखवलं. तो पैसे देऊन निघून गेला.

माझा नंबर आला. मी हळूच म्हणालो, "चाचा, माझं नाव का सांगत नाही?"

"माझ्या शब्दाला हे माप हाय, सर," ते माप पुसत म्हणाले. "तुमच्या शब्दाला कुठलं माप? पोरं नुसत्या इश्वासावर शिकत्यात."

मी गाडीवरून उतरलो आणि रांगेकडं तोंड करून मोठ्यानं सांगितलं, "पीटरसाहेबाचं मीच सांगितलं होतं. चाचांची काही चूक नाही."

मागं पणदऱ्याचे दूधवाले तात्या होते. त्यांनी कॅन सावरले.

"ठावं हाय समद्यांना. असली थाप शिकल्याला माणूसच मारतुय. गाडी म्होरं घ्या."